आमच्यात जाळत नसतेत

चाकूरच्या बाजारात गुरुलिंगप्पांचं दोरखंडाचं दुकान आहे. दावं, कासरा, सुतळी, बारदान. तिथं जायचं तर वेळ हाताशी ठेवून जा. आप्पा हातानं कासरा मोजत असतात, "चार... पाच..." आणि मधेच थबकतात. उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर जातात, डोळे दुकानातून वरच्या घरात जाणाऱ्या लाकडी जिन्याकडं.

"थांबा. महानंदा चढायली."

जिन्यावर कुणी नसतं. आप्पांची बायको, महानंदाकाकू, जाऊन तीन वर्षं झाली.

"आप्पा, बस निघायली, तोडा की कासरा!" गिऱ्हाईक ओरडतं.

"तुझे पाय धड हायत म्हणून घाई हाय तुला. तिला सोळा पायऱ्या हायत."

मग चहा. कपबश्या दोन. एक आप्पांची, दुसरी जिन्याच्या खालच्या पायरीवर. तिची वाफ थांबली की चहा गटारीत. एकदा मी तो उचलून पिऊन टाकला. आप्पा आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

स्पष्टच सांगते, मला या सगळ्याची चीड यायची. मी त्यांच्या शेजारी राहते, आरोग्याच्या प्रश्नांवर काम करते, पत्रकं लिहिते आणि चौकात उभी राहून वाटते. 'नाडी म्हणजे टपाल नव्हे!' हे पत्रक तर मी एकट्या आप्पांसाठी लिहिलं. त्यांनी त्यात कुणालातरी सुतळी गुंडाळून दिली. वर म्हणाले, "कागद चांगला हाय, अक्का. जाड."

एका दुपारी लाइट गेलेली, पंखा बंद, दुकानात आम्ही दोघंच. आप्पांची बोटं मनगटावर गेली आणि मी चिडून त्यांचा हातच ओढला. "दाखवा, मला ऐकू द्या."

एक ठोका. मग नुसतंच रिकामं. मग घाईचे दोन. पुन्हा रिकामं. महानंदाकाकूंचा एक पाय लहानपणापासून अधू होता. त्यांना तो जिना चढताना मी कितीदा ऐकलं होतं: एक पाय टेकवायच्या, दुसरा ओढायच्या, वर पोचल्या की दाराशी दम घ्यायच्या. माझ्या बोटांखाली तेच चाललं होतं. हुबेहूब.

"आता दारात थांबली," आप्पा हळूच म्हणाले.

आणि नाडी खरंच थांबली. क्षणभरच. मी हात सोडून दिला. मग मला स्वतःचाच राग आला, आणि त्या रागात दुसऱ्या दिवशी मी आप्पांना लातूरला हृदयाच्या डॉक्टरांकडं घेऊन गेले.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि समजावून सांगितलं. लहानपणीच्या तापानं हृदयाची एक झडप आखडली आहे. त्यानं वरचा कप्पा ताणलाय. तो धड आकसत नाही, नुसता थरथरतो, म्हणून ठोके वेडेवाकडे पडतात. तिथं रक्त साकळून गुठळी होते. ती मेंदूत गेली की अर्धं अंग जातं.

"झडप बदलू," डॉक्टर म्हणाले. "छाती उघडलेली असेल, त्याच वेळी त्या कप्प्यावर बारीक रेषा मारू. हृदयातली भरकटलेली वीज त्या रेषांना अडते. ठोके बहुतेक सरळ होतात."

"रेषा कशानं मारता?"

"जाळून."

आप्पा उठले. टोपी डोक्यावर चढवली. "झडप बदला. महानंदाला हात लावायचा न्हाई. आम्ही लिंगायत. आमच्यात जाळत नसतेत. तिला बसवून पुरलंय म्या, ह्या हातानं माती दिली. आता छातीत नेऊन जाळू व्हय तिला?"

माझा तोल सुटला. "आप्पा, ती काकू नाही, आजार आहे! उद्या गुठळी सुटली तर कासरा मोजायला हात उरणार नाही तुमचा!"

"तू ऐकलीस न्हवं, अक्का? मग सांग की त्यांना. थांबली हुती का न्हाई दारात?"

मी डॉक्टरांकडं बघितलं.

डॉक्टर हसले नाहीत. "गोठवूनही करता येतं, आप्पा. थंडगार सळई टेकवायची. जाळ नाही, धूर नाही."

"किती गार?"

"बर्फाहून कितीतरी गार."

आप्पा खाली बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. "तिला ऊन सोसायचं न्हाई," ते म्हणाले. "उन्हाळ्यात फरशीला गाल लावून निजायची." मग त्यांनी मान डोलावली. "चालंल."

मला डॉक्टरांचाही राग आला. शिकलेला माणूस, आणि अंधश्रद्धेशी तडजोड करतो! घरी येऊन त्यावर पत्रक लिहायला बसले. दोन ओळींपुढं गेले नाही.

ऑपरेशन नीट झालं. नवी झडप धातूची, रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या कायमच्या. तीन महिन्यांनी डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी दाखवली: ठोके एकसारखे. म्हणजे मी जिंकले होते. हे आप्पांना ऐकवायला म्हणून मी दुकानात गेले.

दुपार होती. लाइट गेलेली, पंखा बंद. आता नाडी धरायची गरजच नव्हती. त्या झडपेचा आवाज आप्पांच्या सदऱ्यातून बाहेर येत होता. टक. टक. टक. कडक तळव्याची चप्पल घालून कुणीतरी चालावं तसा. माझे डोळे जिन्याकडं गेले. मी त्यांना जा म्हटलं नव्हतं.

"ऐकलीस?" आप्पा कासरा मोजत होते. "पाय बरा झाला तिचा. लंगडत न्हाई आता."

"मग बरंच झालं की," मी म्हणाले. होय, मीच म्हणाले.

"हाव." त्यांनी मोजणी न थांबवता कासरा तोडला. चहा ओतला, दोन कपबश्या. दुसरी हातात घेऊन ते जिन्यापर्यंत गेले आणि तिथंच उभे राहिले.

"पण थांबत बी न्हाई, अक्का. निस्ती चालायली."

परत येऊन त्यांनी ती कपबशी माझ्यापुढं सरकवली.

"घे. गार हुईल."