पेन्सिलीनं लिहिलेलं नाव

पहिल्या भेटीत आप्पांनी मला माझं नाव विचारलं नाही. पणजोबांचं विचारलं. मला सांगता येईना.

"पणजोबाचं नाव ठावं न्हाई, आन् पोरायला संगणक शिकवता? बराबर! बिलकुल बराबर!"

'बिलकुल बराबर' हे आप्पा समोरचा साफ चुकला की म्हणतात, हे कळायला मला सहा महिने लागले. तोवर मी खूश होत होतो.

आम्ही जाफराबादला शेजारी. आप्पा मूळचे पिंपळगाव रेणुकाईचे. कुठंही निघाले की खांद्यावर बोअरच्या पाइपचा हातभर तुकडा, दोन्ही टोकांना झाकणं. एसटीत कंडक्टर तोफ असल्यासारखा दूर उभा राहतो. आत असते वंशावळ! जुन्या कॅलेंडरांच्या पाठी चिकटवून केलेली, अकरा पिढ्यांची. जिवंत माणसं हिरव्या शाईत, गेलेली काळ्या. कुणी वारलं की आप्पा मयतीहून येऊन आधी हिरव्यावर काळं गिरवतात, मग आंघोळ करतात. त्यामुळं भावकीतली आजारी माणसं आप्पांना दारात बघून ताडकन उठून बसतात.

त्या सगळ्या गर्दीत एकच नाव पेन्सिलीनं लिहिलेलं. विठ्ठल. आप्पांचा थोरला भाऊ. अठराव्या वर्षी घरी न सांगता मुंबईला गेला आणि बोटीवर चढला. पुढं मॉरिशसहून एकच पत्र आलं : मजेत आहे, उत्तर धाडा. पत्ता होता पाकिटावर, आणि पाकीट घरातच कुठंतरी हरवलं. उत्तर कुठं धाडणार? आईवडील वाट बघत गेले. पत्र आलं तेव्हा आप्पा दहा वर्षांचे होते.

"मंग त्याला हिरवा करू का काळा?" आप्पा म्हणायचे. "म्हणून पेन्सिल."

इथं माझ्यातला संगणकतज्ज्ञ जागा झाला. शाळेत मी संगणक शिकवतो, म्हणजे पोरं मला शिकवतात. पण आप्पांना ते माहीत नव्हतं. वंशावळी जुळवणारी एक परदेशी वेबसाइट मी शोधून काढली आणि दोन रविवार खर्चून अकरा पिढ्या भरल्या. विठ्ठलरावांपाशी तिनं विचारलं : हयात की मृत? मी हिशेब केला, पंच्याऐंशीच्या घरातला माणूस. 'मृत'वर बोट ठेवलं, चहा प्यायलो आणि ऐटीत आप्पांना दाखवायला गेलो.

आप्पांनी चष्मा पुसून पाहिलं. "हे काय लिव्हलंय माह्या दादाफुडं?"

मी सांगितलं.

"मास्तर, पासष्ट वर्षं झाली, म्या त्याला काळं केलं न्हाई. पितरपाटात त्याचं पान वाढलं न्हाई. लोकं म्हणले, विधी करून टाक. न्हाई केला. आन् तुम्ही एका बोटानं मारला?"

या वेळी 'बिलकुल बराबर' म्हणाले नाहीत. मी घाबरलो.

"आत्ता दुरुस्त करतो," म्हणालो आणि घरी येऊन बघतो तर पासवर्ड आठवेना. शाळेतली पोरं पासवर्ड कधी विसरत नाहीत, मास्तर विसरतो. आप्पा मला बघून रस्ता ओलांडायला लागले.

तीन आठवड्यांनी ईमेल आला. मॉरिशसहून!

मी एक माझी, एक बायकोची चप्पल घालून पळालो. "आप्पा! सापडले! दादा सापडले!" सगळी गल्ली गोळा झाली.

लिहिणारी विठ्ठलरावांची नात होती. त्या वेबसाइटवर हयात माणसं परक्यांना दिसतच नाहीत, फक्त मृतांची नावं दिसतात. माझ्या हातून 'मृत' पडलं म्हणून तर तिला आजोबांचं नाव दिसलं. पासवर्ड आठवला असता तर गेलंच होतं सगळं!

पुढचं मात्र मी हळू वाचलं. आजोबा चार वर्षांपूर्वी गेले. न सांगता निघून आलो म्हणून घरचे रागावले, उत्तर धाडत नाहीत, असं त्यांना वाटायचं. मग त्यांनीही लिहिलं नाही. पण नातीनं वंशावळ भरली तेव्हा आजोबांनी धाकट्या भावापुढं 'मृत' लिहू दिलं नाही. म्हणाले, तो लहान आहे.

गल्ली पांगली. आप्पांनी पाइपचं झाकण काढलं, वंशावळ पसरली. काळा पेन उघडला आणि तसाच धरून बसले.

"पाकीट हरवलं न्हवतं, मास्तर. वरचं टपालाचं तिकीट लई भारी व्हतं, जहाजाच्या चित्राचं. म्या पाकिटासगट वर्गातल्या पोराला देलं. सात गोट्या घेतल्या."

मी मोबाइलवर उत्तर लिहायला घेतलं.

"लिव्हा तिला. पत्र भेटलं व्हतं म्हणा. रागावलं कुणी न्हवतं." मग थांबून म्हणाले, "गोट्यायचं बी लिव्हा. सात व्हत्या."

मी टाइप करत होतो. आप्पा खुर्ची ओढून माझ्या मोबाइलवर वाकले.

"आन् खाली आपला पत्ता टाका. पुरा. पिनकोडासगट."