पुंडलिकनगरातला कस्टमवाला

आशाबाईंचा पासपोर्ट आला, व्हिसा आला आणि मग खुलताबादहून पुंडलिकनगरातल्या घरी सरूआक्का आल्या. पहिल्या दोन गोष्टींसाठी आशाबाईंच्या नवऱ्याला, कारभारींना, चपला झिजवाव्या लागल्या होत्या. त्यांची ही थोरली बहीण मात्र न बोलावता आली, आणि येताना डिंकाच्या लाडवांचे तीन डबे घेऊन आली.

कारभारींची लेक कावेरी दुबईत बाळंत होणार होती. पहिलटकरीण, जवळ बाईमाणूस कुणी नाही, आणि दिवस भरायला उरले होते जेमतेम आठ. आईनं जायलाच हवं होतं. आणि आई बाळंतपणाला निघाली म्हणजे बरोबर लाडू हवेतच, यावर साऱ्या भावकीचं एकमत. दोन दिवसांत लाडवांचे नऊ डबे जमले. लेकीसाठी आलेलं परत कसं पाठवायचं? आशाबाईंनी मुकाट सगळे बॅगेत कोंबले.

निघायच्या दिवशी सकाळी शेजारचे व्यंकटराव आले. हे निवृत्त अव्वल कारकून. विमानात जन्मात बसले नव्हते, पण विमानप्रवासाचे नियम त्यांना तोंडपाठ. हातात छापील कागद, कानावर पेन्सिल.

"वहिनी, बॅग उघडा."

"भाऊजी, आत्ताच दोरी बांधली वो!"

"तिथं परक्यांनी उघडण्यापेक्षा इथं उघडलेली बरी. अंगावर सोनं किती?"

"मंगळसूत्र अन् पाटल्या."

"चालेल. औषधं?"

"बीपीच्या गोळ्या."

"डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर ठेवा. लाडवात काय काय घातलंय?"

"डिंक, खारीक, खोबरं, खसखस..."

व्यंकटरावांच्या कानावरची पेन्सिल खाली पडली. "खसखस? अहो, तिथं खसखशीला बंदी आहे! अफूच्या बोंडातलं बी ते. सापडलं तर सरळ पोलीस!"

"अफू?" सरूआक्का स्वयंपाकघरातून उलथनं घेऊनच बाहेर आल्या. "आमच्या सात पिढ्यांच्या बाळंतिणींनी खाल्ली, एकीलाबी पोलिसानं धरलं नाय!"

आशाबाई मात्र मटकन खाली बसल्या. पोलिसांची भीती होतीच, पण त्यांना दिसत होती ती दवाखान्यात एकटी पडलेली कावेरी. "मला धरलं तर पोरीपाशी कोन थांबंल वो?"

कारभारींना एक युक्ती सुचली. लाडवांवरची खसखस फडक्यानं पुसून काढायची. पहिला लाडू पुसताना फुटला. फुटलेला टाकून कसा द्यायचा, म्हणून त्यांनी तो खाल्ला. दुसराही फुटला. तिसरा तर त्यांनी पुसायच्या आधीच तोंडात टाकला.

"बस्स!" व्यंकटराव कडाडले. "नऊच्या नऊ डबे जप्त!" आणि डबे उचलून त्यांनी स्वतःच्या घरी नेऊन ठेवले.

मग त्यांच्या पत्नी प्रमोदिनीबाई पदर खोचून आल्या. दोघी बायकांनी दुपारपर्यंत बिनखसखशीचे लाडू वळले. नव्या परातीत, नव्या डब्यात. आक्का भिंतीकडं तोंड करून बसल्या होत्या. "खसखशीबिगर लाडू व्हय? खा म्हनावं आता, अन् बसा रातभर जागत."

चार वाजता मुंबईला जायची गाडी दारात उभी राहिली. सगळ्यात वर ठेवायला म्हणून व्यंकटरावांनी बाळाची छोटी उशी उचलली. दाबली. आत सळसळलं.

"यात काय आहे?"

"मोहरी," आशाबाई म्हणाल्या. "बाळाची उशी मोहरीचीच असती. आक्कानं शिवली."

आक्का छताकडं पाहायला लागल्या.

"आक्का?" कारभारींनी विचारलं.

"मोहरी टोचती रं लेकराला. मी आपलं जरा बारीक घातलंय."

"बारीक काय?"

"खसखस. अर्धा किलो."

गाडीवाल्यानं हॉर्न वाजवला. आक्काच पुढं झाल्या, दातानं टाका तोडला आणि तिथंच हुंदके देऊ लागल्या. "माझ्या हातानं तुला जेलात धाडत व्हते गं, आशे!" जुन्या अभ्र्यात एखादा दाणा राहायला नको म्हणून प्रमोदिनीबाईंनी कोरा ब्लाउजपीस फाडला. मोहरी भरली, आणि गाडीच्या बॉनेटवर ठेवून उशी शिवून झाली.

दुसऱ्या दिवशी दुबईच्या विमानतळावर आशाबाईंची बॅग खरोखरच उघडली गेली. कस्टमच्या साहेबानं लाडवांचा वास घेतला, उशी दाबली, कोपरा उसवला आणि चार दाणे तळहातावर घेऊन निरखले. "राई है साब, बच्चे के सिर के वास्ते," आशाबाई कशाबशा म्हणाल्या. साहेब हसला आणि त्यानं बॅग बंद केली.

कावेरीच्या घरी पोचल्यावर लेकीला पोटाशी धरून त्या पोटभर रडल्या. मग फोन लावला. "अहो, पोचले. आदुगर व्यंकटरावभाऊजींना फोन द्या."

"हं," पलीकडून आवाज आला.

"भाऊजी, तुमी नसता तर मी आज लेकीपाशी नाय, पोलिसापाशी बसले असते. तुमचे उपकार या जन्मी फिटायचे नायत. हितूनच पाया पडते."

पलीकडं नुसतं "अं... हं..." झालं.

"भाऊजी? रडताव का काय?"

खडखड झाली आणि फोनवर आक्का आल्या. "रडत बिडत नायत. तोंड भरलंय त्यांचं, बोलता येईना. ते अन् तुझा नवरा मिळून जप्त माल तपासायलेत. दुसरा डबा चालूय!"