गोठ्याकडच्या फणसावर कब्जा

झाडाच्या बाबतीत बाबलीकाकांना फसवणारा माणूस अजून कसाल गावात जन्मला नव्हता. हे काकांचंच मत. त्यांच्या बायकोला, जानकीकाकूला, ते पाठ झालं होतं.

तर. दुपारचे चार. काका गोठ्याआडून बघताहेत.

सामाईक परसात चुलत पुतणी दीपिका. हातात टेप.

जमीन दोन्ही घरांची एकच. झाडं मात्र मागच्या पिढीने कागदावर वाटून घेतलेली. विहिरीकडचा आंबा दीपिकाच्या घरचा. इतका आंबट, की माकडंही चावून टाकून देत. गोठ्याकडचा फणस काकांचा. कापा जातीचा, नुसता मध. बावीस वर्षं काका तो मुंबईच्या जावयाला पाठवत होते.

दीपिकाने आंब्यापासून फणसापर्यंत अंतर मोजलं.

संशय.

फणसाच्या बुंध्याला रुंद पट्टा आवळला.

दाट संशय.

मग मान वर करून एकेका फळाकडे बोट दाखवलं.

फणस मोजतेय! काका असे बाहेर आले, की म्हैस दचकून उभी राहिली.

"काय चललां हां गो?"

"झोळी बांधतंय, काका. शनवारी मैत्रिणींवांगडा रानात झोपूक जातंय. आज हंयच सवय करतंय."

"घरातली खाट मोडली?"

"नाय."

"मगे?"

खाट असताना झाडाला लटकून झोपणारा माणूस काकांना पटेना. आज झोळी. उद्या पट्टा तसाच. परवा म्हणणार, आमची वहिवाट आहे. तालुक्याला अशी पंधरा भांडणं काकांनी पाहिली होती. त्यातली चार त्यांचीच.

कब्ज्याला उत्तर एकच. कब्जा.

दीपिकाने झोळीचं दुसरं टोक आंब्याला बांधलं मात्र, "मी हंयसून हलूचंय नाय," म्हणत काका झोळीत बसले. म्हणजे, बसायला गेले. झोळीने त्यांना हळदीच्या पानातल्या पातोळीसारखं मिटून घेतलं. पाय आभाळाकडे, चष्मा गवतात.

"काकांनू, तिरके पडा."

"माका शिकव नको. जानकी, वाटणीचो कागद हाड! आणि शेजारच्या शेवंतीक बोलव. साक्षीदार होयो."

कागद आला. शेवंती पिठाच्या हातांनी आली.

"मोठ्यान वाच," झोळीतून आवाज आला.

काकू वाचू लागली. "विहिरीकडील आंबा, थोरल्यास." थोरला म्हणजे काकांचे वडील. काकू थांबली.

"फुडे?"

"फुडे कित्याक?"

"वाच म्हणतंय ना."

"गोठ्याकडील फणस, धाकट्यास."

धाकटा म्हणजे दीपिकाचे आजोबा.

"परत वाच."

काकूने परत वाचलं. धाकटा धाकटाच राहिला.

शेवंती म्हणाली, "म्हणजे बावीस वर्सां तुमच्या जावयान दीपिकाचे फणस खाल्ले?"

"तू साक्षीक इलंस काय चौकशीक?"

दीपिका भांडली नाही. तिने वाकून पट्टा दाबून पाहिला. "काका, तुमचां वजन किती?"

"ब्याऐंशी. कित्याक?"

"मगे माका चिंता नाय. आता उतरा."

काकांनी उतरायचा प्रयत्न केला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा झोळी नुसती डुलली, आणि त्यांची नजर सरळ वर गेली. पोटाच्या बरोब्बर वर एक भलामोठा फणस लटकत होता.

"गो दीपिका," आवाज बराच मऊ झाला होता, "हो वरचो पिकलेलो नाय मां?"

"मघाशी मी ताच बघी होतंय, काका. पण माका काय कळता? बावीस वर्सां तुमीच काढतास."