गावंडेकाकांच्या दोन वाट्या

गावंडेकाका कुठल्या टीमचे, हे मॅच सुरू होऊन अर्धा तास होईपर्यंत त्यांना स्वतःलाही माहीत नसतं. आधी ते टीव्हीसमोरच्या स्टुलावर दोन रिकाम्या वाट्या मांडतात. शेजारी एका ताटलीत चवळी, दुसरीत हरभरे. कॅमेऱ्यानं गोऱ्या खेळाडूचा चेहरा जवळून दाखवला की एका वाटीत चवळीचा दाणा पडतो, काळ्याचा दाखवला की दुसरीत हरभऱ्याचा. अर्ध्या तासानं काका चष्मा कपाळावर चढवतात, दोन्ही वाट्यांत डोकावतात आणि जी वाटी जास्त रिकामी, त्या रंगाचे गडी ज्या टीममध्ये जास्त, ती आजच्या दिवसापुरती त्यांची.

मॅच संपली की वाट्यांतलं सगळं काकू भिजत घालतात आणि दुसऱ्या दिवशी त्याची उसळ होते. वाटीभर आमच्याकडेही येते. चार वर्षांत मी हरभऱ्याची उसळ दोनदा खाल्ली असेल. बाकी सगळी चवळी.

मी मूळची साताऱ्याची. बँकेनं उचलून जयपुरात आणून टाकलं, विद्याधर नगरात भाड्यानं घर मिळालं आणि वरच्या मजल्यावर गावंडे निघाले. परमुलखात मराठी बोलणारं माणूस भेटलं की आपण त्याचे सगळे गुण पोटात घालतो, आणि काकू तर उसळ फार छान करतात. काका अमरावतीकडचे, विम्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांची एकुलती मुलगी वैशाली इथेच शिकली, इथेच सोडाला भागात तिचं सासर, म्हणून दोघं इथेच राहिले. चाळीस वर्षं राजस्थानात काढून काकांची बोली मात्र अमरावतीहून एक स्टेशनही पुढे सरकलेली नाही.

पहिल्यांदा मी त्या वाट्या पाहिल्या तेव्हा शहाणपणा करायला गेले. म्हटलं, "काका, जो चांगला खेळेल त्याच्या बाजूनं असावं माणसानं."

"चांगलं कोन खेळते हे तुमाले कोन सांगते, शिंदेताई?"

"म्हणजे काय, दिसतंच की."

"कुठं दिसते? टीव्हीतच न? मंग तो दाखवीन तेच दिसन."

मी गुपचूप खुर्ची ओढून मॅच बघायला बसले.

फुटबॉलच्या वेळी तर काकांचा कान इतका तिखट होतो की विचारू नका. "ऐका, ऐका. गोऱ्यानं गोल मारला की हा माईकवाला म्हनते, काय डोकं आहे. काळ्यानं मारला की म्हनते, काय ताकद आहे. काऊन बा? त्याचं डोकं काय टोपी ठेवाले आहे?" तेव्हापासून माझंही लक्ष जायला लागलं आणि माझी मॅचची मजा निम्म्यानं गेली.

दोन्हीकडे आपलेच सावळे गडी असले तरी काका अडत नाहीत. मग चवळी कोणाची? तर त्यातल्या त्यात उजळ, हसऱ्या, केस उडवणाऱ्या गड्याची. तो सीमारेषेवर पाणी पीत असला तरी कॅमेरा त्याच्यावर, आणि चार बळी घेतलेला काळासावळा बोलर पाठमोरा. मधेच गोरं करणाऱ्या क्रीमची जाहिरात लागली की काका चवळीची अख्खी मूठच वाटीत ओततात. "हा थोक माल," असं म्हणतात.

आमच्यासमोर राहणाऱ्या शर्माजींना हे अजिबात पटत नाही. बिस्किटाच्या पुड्यावर ज्याचा फोटो, त्याची टीम ती शर्माजींची टीम, इतका सरळ हिशेब. ते म्हणतात, "गावंडेजी, आप तो हमेशा हारनेवालों के साथ."

"हारनेवाले नहीं जी. नहीं दिखनेवाले." आणि मग माझ्याकडे वळून काकांचं ठेवणीतलं वाक्य: "ज्याले कोनी पाहत नाही, त्याले आपन पाहावं."

हे वाक्य मी पन्नास वेळा तरी ऐकलं असेल. वैशालीनं त्याहून जास्त.

वैशाली दर रविवारी येते. पस्तिशीची, उंच, वडिलांसारखीच काळीसावळी, आणि चाल अशी की जिना ती चढत नाही, संपवते. जेवते, आईशी गप्पा मारते, आणि काका टीव्हीचा रिमोट हातात घेतात तशी पर्स उचलते. दर रविवारी काका म्हणतात, "थांब न जरा, अर्धा तास." दर रविवारी ती म्हणते, "नको बाबा, मतलब, घरी कामं आहेत." मग काका दार लावून येतात आणि वाट्या मांडतात. काकू मला एकदा हळूच म्हणाल्या, "तुमच्या काकायचा जीव एवढ्यातच आहे, पोरीनं एक मॅच बसून पाहावी. अन् ती काही बसत नाही." मला वाटलं, नसेल आवड. सगळ्यांनाच कुठे असते.

मागच्या महिन्यातल्या एका रविवारी मी उसळीची रिकामी वाटी परत द्यायला वर गेले होते. जेवणं झाली होती, वैशाली दारात चपला घालत होती. टीव्हीवर बायकांची धावण्याची शर्यत चालू होती, आणि काकांनी आज ती निघायच्या आतच स्टुलावर वाट्या मांडल्या होत्या, अजून रिकाम्याच. कॅमेरा सगळा वेळ सोनेरी केसांच्या एका मुलीवर. ती आली चौथी. पहिली आलेली काळी मुलगी एकदम रेषेपाशीच उगवली.

काका उठून उभे राहिले. "पाहा शिंदेताई. जिंकली कोन, अन् कॅमेरा कोनावर. म्हनून सांगतो, ज्याले कोनी पाहत नाही, त्याले..."

"मला पाहिलं होतं का तुम्ही, बाबा?"

वैशाली एका पायात चप्पल घालून तशीच उभी होती. आवाज चढलेला नव्हता.

मी तिथून निघायला हवं होतं. पण दारात ती होती, आणि खरं सांगायचं तर मला ऐकायचंही होतं.

"नववीत होते मी," ती मला म्हणाली. "आठशे मीटरमध्ये सगळ्या जिल्ह्यात पहिली आले. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो दुसऱ्या नंबरवालीचा. गोरी होती, छान दिसत होती. चला, पेपरवाले मतलब परके लोक. मी पेपर घेऊन रडत बाबांकडे गेले. बाबा काय म्हणाले, विचारा."

काकूंनी पदर तोंडाला लावला.

"म्हणाले, बरं झालं नाही आला. आता उन्हातलं पळणं बंद कर. आधीच रंग असा, लग्न कसं जमन." तिनं पर्स खांद्यावर अडकवली. "जमलं लग्न. पळणं राहिलं."

टीव्हीवर ती जिंकलेली मुलगी झेंडा अंगावर घेऊन चालली होती. दाणा टाकायची वेळ होती, पण काकांनी हातातला हरभरा ताटलीत परत ठेवला. मग म्हणाले, "चुकलो मी, वैशू. त्या पेपरवाल्यानं तुले एक दिवस कापलं. म्या जनमभरासाठी कापलं." वाट्यांकडे बोट करून म्हणाले, "हे मले लय उशिरा समजलं. मंग ह्या वाट्या घेऊन बसलो. तुले सांगाचं धाडस नाही झालं."

या माणसाची मी चार वर्षं शर्माजींबरोबर थट्टा केली होती.

वैशालीनं त्या दोन वाट्यांकडे पाहिलं. मग तिनं पायातली चप्पल काढली, आत आली आणि सोफ्यावर बसली. "पुढची शर्यत कितीची आहे?" तिनं विचारलं.

"आठशेची," काका म्हणाले. ते त्यांना आधीपासून माहीत होतं, हे मला त्यांच्या आवाजावरून कळलं.

काकूंनी मला हाताला धरून बसवलं. शर्यत सुरू झाली. वैशाली हळूहळू पुढे सरकत सोफ्याच्या काठावर आली, तिच्या टाचा जमिनीवरून उचलल्या गेल्या. "अभी नहीं, अभी नहीं," ती स्वतःशीच पुटपुटत होती, "आता लाव जोर." कोण जिंकलं ते मला आठवत नाही, कारण मी काकांकडे बघत होते. आणि काका शर्यत संपेपर्यंत टीव्हीकडे एकदाही न बघता मुलीकडे बघत होते.

दोन्ही वाट्या रिकाम्याच राहिल्या. त्या सोमवारी गावंड्यांकडे उसळ झाली नाही.