जनूकाका बर्फ आणतात

जनूकाकांच्या हातात कुणी सरबताचा ग्लास दिला, की ते तो आधी कानाला लावतात. बर्फाचा खडा सरबतात तडतडतो, तो आवाज ते डोळे मिटून ऐकतात आणि मग निकाल देतात. निकाल बहुतेक वेळा एकच असतो : "घाईचा हाय." मग खडा बोटाने बाहेर काढून जवळच्या कुंडीत टाकतात आणि उरलेलं सरबत औषधासारखं पिऊन टाकतात. यजमानीणबाईंचा चेहरा कसा झालाय, हे बघायला ते थांबत नाहीत.

जनार्दन तांडेल, राहणार मुरबे. खाडीपलीकडे सातपाटीच्या बाजूला बर्फाचा एक कारखाना आहे, तिथे त्यांनी चाळीस वर्षं बर्फ काढला. बोटी समुद्रात जाताना मासळीसाठी बर्फ भरून नेतात, तो हा. पत्र्याच्या उभ्या डब्यांत पाणी भरायचं, ते डबे थंडगार खाऱ्या पाण्याच्या टाकीत सोडायचे आणि वाट बघायची. पाणी सावकाश गोठलं तर लादी काचेसारखी निघते आणि बोटाच्या पेराने टकटक केलं की खणखणते. घाई केली तर आतून पांढरी, भुसभुशीत राहते आणि बोट समुद्रातून परत यायच्या आत तिचं पाणी होतं.

आता माणूस निवृत्त झाला म्हणून मोजमाप थोडंच निवृत्त होतं? कच्चा राहिलेला भात घाईचा. टीव्हीवरच्या बातम्या घाईच्या. धाकटा जावई तर फारच घाईचा. मी मूळची कराडची, लग्न होऊन सालवडला आले आणि तारापूरच्या एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते. पहिल्याच भेटीत काकांनी मला विचारलं, "लगीन कसा जमला तुमचा?" मी म्हटलं, "बघून. पंधरा दिवसांत उरकलं." काकांनी माझ्याकडे इतक्या सहानुभूतीने पाहिलं, की घरी येऊन मी नवऱ्याला एकदा नीट न्याहाळून घेतलं.

माझी खरी ओळख त्यांच्या बायकोशी. मथुराकाकी बोईसरच्या बाजारात मासळी विकतात आणि मी त्यांचं पक्कं गिऱ्हाईक. गेल्या हिवाळ्यात दोघांनी एका टूर कंपनीकडे हिमालयाच्या रेल्वे सहलीचं बुकिंग केलं होतं. हरिद्वार, डेहराडून, मसुरी, मग कालका आणि तिथून छोट्या गाडीने सिमला. निघायच्या आठवडाभर आधी डॉक्टरांनी काकींची छाती तपासली आणि उंचावर जायचं नाव काढायचं नाही म्हणून सांगितलं. काकींनी तराजू खाली ठेवला आणि मला म्हणाल्या, "ताई, माज्या जागेवर तुमी जावा. त्या मानसाला एकटा सोडला तर तो हिमालयाशीपन भांडून येल."

माझ्या नवऱ्याच्या कारखान्यात तेव्हा दुरुस्तीच्या शटडाउनची धावपळ होती, म्हणजे तो घरात असून नसल्यासारखाच. मी बॅग भरली.

वापीला गाडीत चढलो तेव्हा काकांच्या एका हातात कपड्यांची पिशवी आणि दुसऱ्या हातात थर्माकोलची पेटी. मासळीच्या बाजारात असते तीच, सुतळीने बांधलेली. आमच्या टूर मॅनेजर वैशालीताई म्हणजे कमालीच्या हसतमुख बाई. गळ्यात शिट्टी, हातात नारिंगी झेंडा. पण त्या पेटीकडे पाहून त्यांचंही हसू जरा आखडलं. समोरच्या बाकावरचे कुलकर्णी तर सरळ नाकाला रुमाल लावून बसले. कुलकर्णी बोईसरचेच, कडक शाकाहारी, आणि वासाच्या बाबतीत फार हळवे.

"सुकट आहे का हो?" त्यांनी रुमालाआडून विचारलं.

"नाय."

"मग बोंबील?"

"काय पन नाय."

वडोदऱ्यापर्यंत कुलकर्ण्यांनी सगळ्या सुक्या मासळीची नावं संपवली. शाकाहारी माणसाला इतकी नावं ठाऊक असतात हे मला त्या दिवशी कळलं. शेवटी वैशालीताईंनी हात जोडल्यावर काकांनी सुतळी सोडली. आत भाताचं तूस, एक गोणपाट, खडेमिठाची पुडी आणि घट्ट झाकणाचा एक स्टीलचा डबा. डबा रिकामा.

"मग हे कशासाठी?"

"येताना लागल," एवढंच म्हणून काकांनी परत सुतळी बांधली. कुलकर्णी म्हणाले, रिकाम्या पेटीलाही वास येतो. ते खरंच होतं, पण तक्रार करायला आता जागा राहिली नव्हती.

सहलीत काकांचं कशावर मन म्हणून बसेना. हरिद्वारला गंगेत पाय घातला आणि म्हणाले, "पानी थंड हाय. ह्याची लादी चांगली व्हईल." देवदर्शनाची यादी वैशालीताई शिट्टीवर उरकत होत्या, त्यामुळे ती आख्खी टूरच घाईची ठरली. मसुरीला मात्र एक गोष्ट घडली. सकाळी ढग हटले आणि लांबवर बर्फाची शिखरं दिसली. सगळे फोटो काढायला धावले. काका वैशालीताईंजवळ गेले आणि कामाचं विचारावं तसं त्यांनी विचारलं, "हा किती दिवसाचा बरफ हाय?"

"दिवसांचा? अहो काका, हजारो वर्षांचा असेल तो."

काकांनी डोक्यावरची माकडटोपी काढली. दोन्ही हात जोडले आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "हा घाईचा नाय, ताई." कुलकर्णी हसले. मलाही हसू येत होतं, पण गंगेपुढे हात न जोडलेला माणूस इथे जोडतोय म्हटल्यावर मी ते गिळलं.

कालक्याहून सिमल्याला जाणारी छोटी गाडी बोगद्यात शिरली की सगळा डबा ओरडायचा आणि बाहेर आली की परत ओरडायचा. काका तेवढ्या गदारोळात पेटी मांडीवर घेऊन बसले होते. सहलीच्या शेवटच्या दिवशी वैशालीताईंनी आम्हाला सिमल्याच्या वर नारकंड्याला नेलं. तिथे रस्त्याच्या कडेपासून डोंगरमाथ्यापर्यंत बर्फ होता, आदल्या दिवशीच पडलेला. आमचा सगळा प्रौढ, प्रतिष्ठित ग्रुप त्यात लोळायला लागला. कुलकर्ण्यांनी तर बर्फाचा गोळा करून माझ्या पाठीत मारला.

काका उकिडवे बसले. बोटाच्या पेराने त्यांनी बर्फावर टकटक केलं. बोट आत गेलं. परत केलं, परत आत गेलं.

"ह्याला आवाजच नाय," ते म्हणाले. मग मूठभर उचलला, दाबला, सोडला, गालाला लावला. चाळीस वर्षं ज्याने लोखंडी आकड्याने लाद्या ओढल्या, त्या माणसाच्या तोंडावर पहिल्यांदाच शाळेत आल्यासारखा भाव होता. वरून थोडी भुरभुर सुरू झाली, तेव्हा त्यांनी दोन्ही तळवे पसरले आणि त्यांच्याकडे बघत बसले. बसमध्ये बसायची शिट्टी झाली तशी ते एकदम भानावर आले, डबा काढला आणि बर्फ भरायला लागले. मुठीने भरायचा, मुठीनेच ठासायचा. झाकण लावलं, भोवती आणखी बर्फ, मीठ, गोणपाट आणि तूस. हात असे चालत होते, की बघणाऱ्यांनी गोळे फेकायचं थांबवलं.

"हे बोईसरपर्यंत टिकणार?" कुलकर्ण्यांनी विचारलं.

"मुरब्यापत्तूर," काका म्हणाले.

परतीच्या प्रवासाला दोन रात्री. आणि काय सांगू, त्या पेटीने आमच्या डब्याचा ताबा घेतला. उन्हाची तिरीप आली की कुणीतरी पडदा ओढी. कोट्याच्या फलाटावरून भोवतीच्या थरासाठी नवा बर्फ धावत जाऊन आणला तो कुलकर्ण्यांनी, आणि काकांनी कानाशी नेऊन त्याला घाईचा ठरवल्यावर ते खरोखर ओशाळले. मिठामुळे बाहेरचा बर्फ जास्त थंड होतो आणि आतला सांभाळतो, हे मी पदवीला असताना गुण मिळवण्यासाठी पाठ केलं होतं. काकांना ते हातांनीच ठाऊक होतं.

रतलाम गेल्यावर मी विचारलं, "काका, एवढा आटापिटा कशाला? काकींनी जन्मभर बर्फच तर पाहिलाय."

"तोच तर पायलाय," ते म्हणाले. "पस्तीस वर्सं सकाळी सकाळी माज्या बरफात हात घालते ती. बोटं बगितलीत तिची? सांधे सुजलेले, चिरा पडलेल्या. माजा बरफ चांगला, म्हंजे टोकदार. पायजेच तसा, नाय तर मासळी कुजल." त्यांनी पेटीवरचा हात काढला नाही. "टीव्हीवर पोरं बरफात खेळत होती, उगड्या हातानं. तवा मना बोलली, ह्यांच्या हाताला लागत नाय काय तो? मी हसलो तिला. बोललो, बरफ तो बरफ, लागनारच. तिकडं गेलो नि बगितला, खरंच लागत नाय. ती बरोबर होती, ताई. तिला हातात द्यायचा हाय."

मी खिडकीबाहेर बघायला लागले. सहलीला निघाल्यापासून काकींच्या जागेवर मी आरामात पाय पसरून बसले होते, त्याची मला पहिल्यांदा लाज वाटली.

वापीला उतरून आम्ही शटल धरली. डहाणू गेलं आणि वाणगावच्या अलीकडे गाडी जी थांबली, ती हलायलाच तयार नाही. दुपार चढत होती, पत्रा तापत होता. पाऊण तास झाल्यावर काकांना राहवेना. त्यांनी सुतळी सोडली आणि डबा बाहेर काढला. झाकण उघडलं. आत बर्फ होता! तळाशी थोडं पाणी, पण अर्ध्या नारळाएवढा पांढरा गोळा अगदी शाबूत. मी टाळीच वाजवली. कंटाळून खाली उतरायला निघालेले कुलकर्णी पेटी बघायला थांबले आणि "वा!" म्हणून ओरडले.

काकांनी सवयीने बोटाचं पेर त्यावर आपटलं.

टण्.

चांगला, खणखणीत आवाज. काकांचा चेहरा उतरला.

"लादी झाली," ते म्हणाले. "ठासायला नको होता. हातांना दुसरा काय येतच नाय."

न ठासता आणला असता तर अंबाल्यालाच त्याचं पाणी झालं असतं, हे मी त्यांना समजावून सांगितलं. शास्त्र माझ्या बाजूने होतं. काकांनी ऐकून घेतलं आणि झाकण लावलं. बोईसरला मी सालवडची रिक्षा करायची ती सोडून त्यांच्याबरोबर मुरब्याच्या रिक्षात बसले. मला कुणी बोलावलं नव्हतं.

मथुराकाकी ओटीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. काकांनी चपला काढल्या, पेटी त्यांच्या पुढ्यात ठेवली, डबा उघडला. काकींनी आत डोकावून पाहिलं, गोळ्याला बोट लावलं आणि हसायलाच लागल्या.

"येवड्या लांब जाऊन तुमच्याच कारखान्यातला आनलात? हा तर खाडीपलीकडला!"

काका घरात गेले. भांड्यांचा आवाज झाला. बाहेर आले तेव्हा एका हातात स्टूल होतं आणि दुसऱ्या हातात खोबऱ्याची किसणी. अडुसष्ट वर्षांचा माणूस गुडघ्यावर हात देत स्टुलावर चढला. मी स्टूल धरलं.

"डबा दे वर. नि हात पुडं कर."

"काय खूळ लागलाय..."

"कर गो."

अशा वेळी शहाण्या माणसाने काहीतरी निमित्त काढून निघून जावं. मी गेले नाही. काकांनी गोळा किसणीवर धरला आणि किसायला सुरुवात केली. बारीक पांढरा कीस भुरभुर खाली आला. पहिला कण तळव्यावर पडताच काकींनी हात झटकन मागे घेतले, सवयीने. मग परत पुढे केले. कीस पडत राहिला. त्या सुजलेल्या, चिरा पडलेल्या बोटांवर त्याचा मऊ ढीग व्हायला लागला. काकींनी मूठ थोडी मिटली, उघडली, पुन्हा मिटली.

"लागतो?" काकांनी वरून विचारलं.

काकींची मान फक्त हलली, नाही अशी. मला त्यांचा चेहरा बघवेना, म्हणून मी वर पाहिलं, तर काकांच्या चेहऱ्याचीही तीच गत होती.

गोळा संपत आला आणि बोट किसणीवर घासलं. "स्स्" म्हणून काकांनी हात मागे घेतला. काकींनी लगेच पाहिलं.

"उतरा आदी खाली. उतरा. बगू कुटं."

काका उतरले आणि त्यांच्यापुढे बसले. काकींनी बर्फाने भरलेली ओंजळ उचलली आणि ते सोललेलं बोट तिच्यात अलगद घेतलं.

"लागतंय?"

"नाय," काका म्हणाले. बर्फाचं पाणी होऊन काकींच्या मनगटांवरून ओटीवर गळायला लागलं, तरी काकांनी बोट काढून घेतलं नाही.