भागाबाईचं बीळ आणि टेकडीतलं सोनं

एका जंगलात, बाळांनो, एक टेकडी होती. तिच्या पोटात सोनं आहे, असं त्या जंगलात अजून कोणी म्हटलं नव्हतं. त्यामुळे सगळे सुखात होते.

मग तिथे हसमुखराव नावाचा तरस आला. तो सारखा हसायचा. एवढा हसतो म्हणजे मनाने निर्मळ असणार, असं सगळे धरून चालले. टेकडीत सोनं आहे असं सांगून हसमुखरावाने खाणीची कंपनी काढली. हरणांनी आपलं कुरण दिलं, माकडांनी जांभळीचं झाड दिलं आणि शेअर घेतले.

भागाबाई साळिंदर एकटी होती. तिच्याकडे टेकडीच्या पायथ्याचं बीळ तेवढं होतं. कैलासवासी नवऱ्याने नखं झिजवून खणलेलं. ते द्यायला तिचा जीव धजेना.

"सोनं आहे कशावरून?" तिने हसमुखरावाला विचारलं.

"बगळेशास्त्र्यांनी कस लावून पाहिलाय, भागाबाई! टोपलीभर मातीत मूठभर सोनं!"

बगळेशास्त्री शेजारीच एका पायावर उभे होते. डोळे मिटलेले. एवढा ध्यानस्थ पक्षी खोटं कशाला बोलेल? भागाबाईने बीळ दिलं. बदल्यात तिला पिंपळाचं एक पान मिळालं, वर हसमुखरावाच्या पंजाचा ठसा. तोच शेअर.

खोदकाम सुरू झालं. पहिलं खणलं ते भागाबाईचं बीळ. ती करवंदीच्या जाळीत राहायला गेली. थंडीत कुडकुडायची आणि स्वतःला सांगायची, "कुडकुडतेय, पण मालकीण आहे."

टेकडी अर्धी खणून झाली, तरी सोन्याचा कण दिसेना. शेवटी भागाबाईने खाणीतलं एक ढेकूळ उचललं आणि नदीपलीकडच्या टिटवीकडे नेलं. टिटवीलाही कस लावता येत होता. तिने ढेकूळ भाजलं, धुतलं, दगडावर घासलं.

"भागाबाई, ही माती आहे," टिटवी म्हणाली. "चांगली माती आहे. भोपळे लावा."

दुसऱ्याच दिवशी भागधारकांनी सभा बोलावली. माकडं दात विचकत आली. हरणं शिंगं परजून आली. भागाबाई सगळ्यांच्या पुढे उभी राहिली. टिटवीलाही तिने सोबत आणलं होतं.

"शास्त्रीबुवा, तुम्ही नमुना कुठून घेतलात?"

बगळ्याने एक डोळा उघडला. "अध्यक्ष हसमुखरावांनी आणून दिला."

"त्यांनी कुठून आणला?"

"ते विचारणं माझ्या कामात बसत नाही." डोळा पुन्हा मिटला.

सभेत एकच गलका झाला. "चोर! लबाड!" माकडांनी चिखल उचलला. हसमुखराव मात्र हसतच उठला.

"भागधारकहो, टिटवीचं खरं मानलं, तर तुमच्या हातातलं पान म्हणजे काय?"

"पान," माकडं म्हणाली.

"आणि बगळेशास्त्र्यांचं खरं मानलं तर?"

माकडांनी आपापल्या पानांकडे पाहिलं. "सोनं!"

"मग कोणाचं खरं, ते तुम्हीच ठरवा. कंपनी तुमची. मी आपला सेवक."

मतदान झालं. पंजे, खूर, शेपट्या भराभर वर गेल्या. बहुमताने टिटवी खोटी ठरली. माकडांनी उचललेला चिखल वाया जाऊ दिला नाही. तो टिटवीवर फेकला. बिचारी ओरडत नदीपार गेली. "पाहिलंत? अपशकुनीच आहे," हरणं म्हणाली.

भागाबाईने मत दिलं नव्हतं. सभा पांगल्यावर ती हसमुखरावासमोर गेली. "माझं बीळ परत द्या."

"बीळ आता खड्डा झालंय. खड्डा कंपनीचा. कंपनीच्या मालकीण तुम्ही. म्हणजे ते तुमच्याकडेच आहे की!"

"आणि या सगळ्याला जबाबदार कोण?"

"मालक," हसमुखराव नम्रपणे म्हणाला.

भागाबाईचे सगळे काटे ताठ उभे राहिले. पण टोचायचं कोणाला? मालकीण तीच होती. काटे हळूहळू खाली बसले.

काही दिवसांनी येसू नावाचा ससा जाळीपाशी आला. तो जंगलात नवीनच होता. झऱ्याकाठी त्याने सुरेख बीळ केलं होतं.

"मावशी, सगळे म्हणतात शेअर घे, शेअर घे. खरंच सोनं आहे का हो?"

'माती' हा शब्द भागाबाईच्या ओठांवर आला. तेवढ्यात वाऱ्याची गार झुळूक आली आणि तो परत आत गेला.

"आहे तर! नसतं तर मी या काट्यांत उगीच बसले असते का? माझाच शेअर घे, तुझ्या बिळाच्या बदल्यात."

"मग स्वतःचा शेअर का विकताय?"

"या वयात एवढं सोनं घेऊन मी काय करू रे बाळा? तू तरुण आहेस."

सशाचे डोळे भरून आले. त्याने मावशीच्या पाया पडून पान घेतलं आणि बीळ दिलं.

बीळ दोन दारांचं होतं. आत कोवळं गवत अंथरलेलं. भागाबाईला फार वाईट वाटलं. कुशीवर वळेपर्यंत वाटत राहिलं. मग छान झोप लागली.

तात्पर्य : सोनं खरं की खोटं, हे कस लावून कळत नाही, बाळांनो. आपल्यामागून घेणारा भेटला, की ते खरं.