बॅटरी जेवली का?

शेलूबाजारात माझं बॅटरी-इन्व्हर्टरचं दुकान आहे. दुकानात आलेल्या माणसानं आधी दुकानदाराशी बोलावं, एवढी साधी अपेक्षा माझी असते. देवमनमामा आधी बॅटऱ्यांशी बोलतात. चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्यांपुढे उकिडवे बसतात, एकेकीवरची धूळ दुपट्ट्यानं पुसतात आणि विचारतात, "काय वं, जेवली का?" मग मान वळवून मला, "गजू, हे कोपऱ्यातली सुकल्यासारखी दिसते बे. आधी तिचं पाहा."

"आधी तिचं पाहा" हे मामांचं पालुपद. गिऱ्हाईक खोळंबलंय, माझा चहा निवतोय, फोन वाजतोय, त्यांना काही घेणं नाही. "मामा, बॅटरी हाये ते, म्हैस नाही," असं मी कितीदा ओरडलो असेन! मामा म्हणतात, "म्हैस तं हंबरते तरी. ही मुकी हाये लेका."

मामा आमच्या गावचे, भिंतीला भिंत लागून घर. धरण झालं तेव्हा गाव वाचलं, पण मामांचं वावर पाण्याच्या पल्याड राहिलं. रस्त्यानं जायचं तर अख्ख्या तलावाला वळसा. म्हणून मामांनी पत्र्याची नाव बनवून घेतली. मागे मामा वल्हं मारताहेत, पुढे पंचफुलामामी मांडीवर भाकरीची टोपली घेऊन बसली आहे, आणि मधात आम्ही गावची पोट्टी उगाच पाण्यात हात घालत बसलो आहोत. माझं लहानपण म्हटलं की मला हीच नाव दिसते. मामी टोपलीतून उकडलेल्या तुरीच्या शेंगा काढून आमच्या ओंजळीत टाकायची. तशा शेंगा पुन्हा कुठं खाल्ल्या नाहीत, आणि आता मिळणारही नाहीत.

मामी गेली. पुढं मामांचा खांदा गेला. पुण्याला असलेल्या त्यांच्या मुलानं मग नावेला मोटर, बॅटरी आणि डोक्यावर सोलरचं पॅनल बसवून दिलं. झालं! नाव काठाला लागली की जो तो बॅटरीला चिकटायचा. कोणाचा मोबाईल, कोणाचा टॉर्च, कोणाचा गाणी वाजवायचा डबा. मामा कोणाला नाही म्हणायचे नाहीत. एका पावसाळ्यात बॅटरी पार बसली. मामा ती जीपमधून मांडीवर घेऊन माझ्या दुकानात आले. मी तपासून सांगितलं, "संपली." मामा तिच्याजवळ बराच वेळ बसून राहिले.

"कवा रिकामी झाली, मले कळलंच नाही गजू."

नवीन बॅटरी त्यांनी लगेच पसंत केली. घोडं अडलं कंट्रोलरवर. कंट्रोलर म्हणजे पॅनल आणि बॅटरीच्या मधात बसणारी डबी. बॅटरी भरली की ही चार्जिंग आवरते, आणि फार उतरली की मोटर तोडते, म्हणजे बंद करते. पाच मिनिटांत घ्यायची वस्तू. मामांनी ती दिवाळीपर्यंत लांबवली.

मी पहिला दाखवला तो साधा, स्वस्त, मजबूत. मामांनी उलटापालटा करून पाहिला. "याले तोंड कुठं हाये?"

"तोंड कायले पाह्यजे?"

"पोटात किती हाये ते सांगन कसं?"

मग मी भारीतला काढला, एमपीपीटी. म्हटलं, आभाळ असलं तरी पॅनलमधून जास्त करंट ओढते, काचेवर आकडे दिसतात. मामांनी आकडे भक्तिभावानं पाहिले आणि विचारलं, "हे मोटर कवा तोडते?"

"एकदम शेवटी. घाबरू नका, मधात पाण्यात दगा देत नाही."

"मंग नको."

मी कपाळावर हात मारला. "मामा, सारी दुनिया न तोडणारा मांगते, अन् तुमाले तोडणारा पाह्यजे?"

"लवकर तोडणारा. अर्धं पोट उरलं की तोडणारा. अन् तोडताना बोलणारा."

"अन् मधात पाण्यात बंद पडली तं?"

"वल्हं हाये ना नावेत."

"खांद्याचं काय?"

"खांदा माह्या हाये, तुह्या नाही. आधी तिचं पाहा."

तिकडून मुलाचा फोन. "गजूदादा, बाबाचं ऐकू नको. कधीच बंद पडणार नाही असा बसव. पाण्यात एकटे असतात ते." मी मुलाला हो म्हटलं, मामांनाही हो म्हटलं, आणि मधल्या मधे माझंच सँडविच झालं. शेवटी एक मधला कंट्रोलर सापडला. मोटर कधी तोडायची ते आपणच ठरवायचं, काचेवर बॅटरीच्या काड्या दिसतात, आणि तोडताना टूंऽ टूंऽ वाजतो. मामांनी तो कानाला लावून तीनदा वाजवून घेतला. चेहरा असा खुलला, जसं घरात कोणी पहिल्यांदा बोललं!

थंडीत मामांनी मला शेंगा खायला वावरात बोलावलं. दोन-तीन दिवस आभाळ होतं, त्या दिवशी कुठं ऊन पडलेलं. नाव अर्ध्या पाण्यात आली आणि टूंऽ टूंऽ करून मोटर बंद. मी भडकलोच. "पाहा! म्हटलं होतं ना म्या? आता बसा मधात!"

मामा हसत होते. "बोलली पाहा, बोलली. पुरे म्हणते."

त्यांनी वल्हं उचललं. खांदा दुखतोय हे तोंडावर दिसत होतं. मी वल्हं हिसकून घेतलं आणि चडफडत मारायला लागलो. मामा पुढे जाऊन बसले. मामीच्या जागेवर, मांडीवर भाकरीचं गाठोडं घेऊन.

"गजू, तुही मामी शेवटी जेवे," ते पाण्याकडं पाहत म्हणाले. "सोयाबीन सोंगाले मजूर असले की सगळ्याईले वाढे. मी ताटावर बसलो की म्हणे, तुमी जेवा, मी बसतो मांगून. मी जेवो अन् उठो. मांगून काय उरलं, ती जेवली का नाही, म्या कधीच इचारलं नाही. दवाखान्यात डॉक्टर म्हणे, बाईच्या अंगात रक्तच नाही, हे चालत कशी होती? म्या म्हटलं, चालतच होती साहेब. कधी थांबलीच नाही."

माझं वल्हं थांबलं.

"एकदा जरी म्हटली असती ना, की पुरे..." मामांनी दुपट्ट्यानं डोळे पुसले आणि त्याच दुपट्ट्यानं कंट्रोलरची काचही पुसली.

पल्याड पोचलो. मामांनी नाव अशी बांधली की पॅनलवर पुरं ऊन पडावं. एक गुराखी चार्जर घेऊन धावत आला, त्याला हातानंच मागे फिरवलं. "आता नाही बाप्पा. आता तिचं चालू हाये." मामांना कोणाला नाही म्हणताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

आम्ही बाभळीखाली बसलो. मला सपाटून भूक लागली होती. मामांनी गाठोडं सोडून माझ्यापुढे भाकर आणि ठेचा ठेवला. मी तुटून पडलो. दुसरी भाकर घेताना लक्षात आलं, मामांनी घासही तोडला नव्हता. ते नावेकडे पाहत होते. कंट्रोलरचा दिवा अजून लालच होता. हिरवा झाला की मोटर पुन्हा चालणार होती.

"मामा, घ्या ना. भाकर वाळून राह्यली."

"तू जेव राजा," मामा म्हणाले. "तिचं होऊ दे. मी बसतो मांगून."